रिकामा पाय

दोन इंजिनं आहेत म्हणजे काळजी नाही, असं कुणी माझ्यासमोर म्हणालं की माझं डोकंच फिरतं. माझा मुलगा दोन इंजिनांच्या विमानावर नोकरीला लागला तेव्हा शेजारीण कौतुकानं म्हणाली होती, "एक बंद पडलं तरी दुसरं आहेच की हो!" आहे ना. दोन सुना असलेल्या सासूला विचारा म्हणावं, एक रुसली की दुसरी कशी वागते ते.

एका इंजिनवाल्याचं बरं असतं. ते बंद पडलं की त्याला दुसरा विचारच नसतो. समोर मोकळी जागा बघायची आणि खाली उतरायचं. दोनवाल्याचं तसं नाही. एक गेलं की विमान त्या बाजूला ओढ खातं आणि मेलेल्या इंजिनाचा पंखा वाऱ्यावर नुसता फिरत राहून उलटा अडवायला लागतो. मग पायानं जोर लावून विमान सरळ धरायचं, मेलेलं कुठलं ते ओळखायचं आणि त्याचाच पंखा थांबवायचा, पाती वाऱ्याला कडेनं वळवून. हे सगळं चहात साखर ढवळावी तेवढ्या वेळात. आणि त्यात चुकून जिवंत इंजिन बंद केलं, की संपलं. मग दोन असून काय उपयोग?

मला विमानातलं हे कसं ठाऊक? मी शिंपीण. गणवेश शिवते, पडदे शिवते, धावपट्टीच्या कडेला वारा दाखवायला ती लांबडी नारिंगी पिशवी लटकते ना, ती गेली कित्येक वर्षं मीच शिवून देते. पण इंजिनाचं हे मला पाठ आहे, कारण ते शिकवलं गेलं माझ्या जेवणाच्या टेबलावर.

माझे यजमान विमान शिकवतात. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, मीही म्हणते. आमचं घर विमानतळाच्या कुंपणाला लागून. छोटासा विमानतळ, एक धावपट्टी, विमानं ठेवायचा एक हँगर, एक फ्लाइंग क्लब. आमचा एकुलता एक मुलगा टिल्लू. लहानपणी नखाएवढा होता म्हणून टिल्लू, पुढे दाराच्या चौकटीला डोकं आपटायला लागलं तरी टिल्लूच. विमानात बसताना खुर्ची पार मागे सारावी लागायची त्याला.

मास्तरांचं त्याच्याबद्दल एकच गाऱ्हाणं. "हे कार्टं माझं एक ऐकेल तर शपथ!" आणि खरंच ऐकायचा नाही हो. केस काप म्हटलं की वाढवायचा. मोठ्या कंपनीत जा म्हटलं, तर इथेच, जमिनीचे फोटो काढणाऱ्या कंपनीच्या छोट्या विमानावर राहिला. लग्नसुद्धा सांगून नाही, करून आला. सून चांगली निघाली हे आमचं नशीब. पण मास्तरांनी ओरडायचं, टिल्लूनं हसायचं आणि मी दोघांना वाढायचं, असं आमचं घर चालायचं.

फक्त एका जागी तो बापाचं ऐकायचा. टेबलाखाली.

मास्तरांनी टेबलाखाली एक फळी बसवली होती, पोरांच्या सी-सॉसारखी मधोमध खिळलेली, तिच्यावर दोन्ही बाजूंना पायपट्ट्या. एका बाजूला टिल्लूचे पाय, समोरून मास्तरांचे. टेबलावर एका खोक्यात माझे दोन लाकडी चमचे उभे रोवलेले, ती इंजिनं. डावं आणि उजवं. आम्ही जेवत असायचो, टिल्लू काहीतरी सांगत असायचा आणि मास्तर अचानक ओरडायचे, "गेलं!" खालून फळी ढकलायचे. टिल्लूनं तोंडातला घास न गिळता एका पायानं ती दाबून धरायची. दुसरा पाय रिकामा राहतो. ज्या बाजूचा पाय रिकामा, त्या बाजूचं इंजिन मेलं. तो म्हणायचा, "रिकामा पाय डावा, मेलं इंजिन डावं," आणि डावा चमचा खाली ओढायचा.

"गिळ आधी घास!" असं मी ओरडायची. "इंजिन थांबेल का घास गिळेपर्यंत?" असं मास्तर माझ्यावर. असली जेवणं आमची. डाव्या चमच्याचा दांडा पार गुळगुळीत झाला होता.

ज्या सकाळी ते झालं, त्या सकाळी मी शिवणाच्या मशीनवर बसले होते. खिडकीतून टिल्लूचं विमान धावपट्टीवरून सुटताना ऐकू येत होतं. दोन इंजिनांचा मिळून एक आवाज असतो. दोन माणसांनी एका सुरात गुणगुणावं, तसा. तो जमिनीवरून उठला, घरावरून गेला आणि मधेच फाटला. मी पाय थांबवला. मग एकच आवाज राहिला आणि जरा वेळानं तोही नाही. मला वाटलं माझंच मशीन थांबलंय म्हणून ऐकू येत नसेल काही. माणूस कसं स्वतःला फसवतं बघा. मशीनचा विमानाशी काय संबंध!

कुंपणापलीकडच्या माळावर पडलं ते. टिल्लू गेला. त्याच्यासोबत फोटो काढणारा एक गृहस्थ होता, दोन मुलींचा बाप, तोही गेला. सगळ्यात आधी पोचला मिस्त्री, क्लबचा मेकॅनिक. मास्तरांचा जुना दोस्त, आमच्या घरी रोज चहाला येणारा, टिल्लूला खांद्यावर बसवून इंजिनं दाखवणारा. मास्तर पोचले तेव्हा मिस्त्रीनं त्यांना कमरेला मिठी मारून अडवलं. "नको जाऊस पुढे. माझी शपथ आहे तुला, नको जाऊस." मास्तर गुरासारखे ओढ खात होते, पण त्यानं सोडलं नाही. माणसं आली, टिल्लूला उचलून नेलं, तरी मास्तरांना त्यानं त्या माळावर पाऊल टाकू दिलं नाही.

पुढचे महिने कसे गेले ते सांगत बसत नाही. दुःख काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. मी टिल्लूचे शर्ट घडी घालायची, मोडायची, परत घालायची. सून आमच्याकडेच राहिली. ती बोलायची नाही, मी जास्तच बोलायची. आणि मास्तर रडले नाहीत. एक थेंब नाही. त्यांना रडायला सवडच नव्हती, कारण त्यांना मिस्त्री सापडला होता.

"टिल्लूचा हात चुकणं शक्य नाही," ते म्हणायचे. "मी शिकवलंय त्याला. एक इंजिन गेलं असतं तर दुसऱ्यावर त्यानं आरामात आणलं असतं खाली. म्हणजे दोन्ही गेली. आणि दोन्ही एकदम कशी जातील? इंधनात घाण असली तर. आणि इंधन कोण बघतं? मिस्त्री!" मग आवाज खाली यायचा. "मला जवळ जाऊ दिलं नाही त्यानं. का? चोराच्या मनात चांदणं."

त्यांनी क्लबात तसं बोलून दाखवलं. मेलेल्या पोराच्या बापापुढे कोण काय बोलणार? चौकशी होईपर्यंत हँगरमध्ये येऊ नकोस असं मिस्त्रीला सांगितलं गेलं. जन्म त्या हँगरमध्ये गेलेला माणूस घरी बसला. बाजारात लोक त्याला बघून रस्ता बदलायला लागले. तो एका शब्दानं उलट बोलला नाही आणि मास्तर म्हणाले, "बघितलंस? तोंड कुठेय बोलायला?" येत्या शनिवारी क्लबची सभा होती. मास्तर उभं राहून सांगणार होते की याला कायमचा काढा, आणि मास्तरांच्या शब्दावर त्यांनी काढलाच असता. खरं सांगू? मलाही वाटायला लागलं होतं की मिस्त्रीचं काहीतरी चुकलंच असेल. कुणाचं तरी चुकलंय म्हटलं की जरा बरं वाटतं जिवाला.

सभेच्या आधी दोन दिवस चौकशी अधिकारी घरी आला. मास्तर शिकवायला गेले होते. घरात मी आणि सून. शांत, चष्मेवाला माणूस, बूट दाराशी पुसून आत आला. म्हणाला, "अहवालाला अजून अवकाश आहे. पण घरच्यांना आधी कळावं, असं मला वाटतं."

"सांगा," मी म्हटलं. "आणि आडवळणानं सांगू नका, मला तेवढा धीर नाही."

त्यानं सांगितलं. उजवं इंजिन आतून तुटलं होतं. कारखान्यातूनच एका भागात दोष होता, बाहेरून कुणालाही दिसला नसता. इंधन स्वच्छ होतं. मिस्त्रीचा काडीचा दोष नव्हता.

"मग डावं?" सुनेनं विचारलं. कितीतरी दिवसांत तिचा आवाज एवढा स्पष्ट ऐकला नव्हता मी.

"डावं इंजिन ठणठणीत होतं." तो टेबलाकडे बघत बोलत होता. "पण डाव्याच पंख्याची पाती वाऱ्याला कडेनं वळलेली सापडली. ती आपोआप तशी होत नाहीत. कुणीतरी दांडा ओढून करावी लागतात."

मी शिंपीण असले तरी तेवढं कळलं मला. उजवं मेलं आणि माझ्या टिल्लूनं डावं बंद केलं.

"असं होतं," तो म्हणाला. "चांगल्या चांगल्या पायलटांचं होतं. वेळच नसतो. एक विचारायचं होतं. त्यांना शिकवताना, सरावात, मास्तर कुठलं इंजिन बंद करायचे?"

माझी नजर खोक्यातल्या चमच्यांवर गेली. दोन चमचे, एकाच दिवशी एकाच दुकानातून आणलेले. डावा झिजून गुळगुळीत. उजव्याच्या दांड्यावर दुकानातली चकाकी अजून तशीच.

का डावंच, तेही मला पाठ होतं. मास्तर सगळ्या विद्यार्थ्यांना सांगायचे. या विमानांत डावं मेलं तर ओढ जास्त, सांभाळायला अवघड. डावं सांभाळता आलं की उजवं झोपेतही जमेल. अवघड ते शिकवावं, सोपं आपोआप येतं. किती शहाण्यासारखं वाटायचं ते ऐकायला! आणि टिल्लूचा हात शिकला. पाय काही सांगायच्या आधीच हात जायला शिकला.

"चहा घ्या," मी अधिकाऱ्याला म्हटलं.

तो गेल्यावर सून उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "म्हणजे बाबांनी मारलं त्याला," ती म्हणाली.

मी टेबलावर एवढ्या जोरात हात आपटला की खोकं उलटलं. "जीभ आवर! परत असं बोललीस तर याद राख!" आणि मग मीच तिला जवळ घेतलं आणि दोघी रडलो. ती खोटं बोलली नव्हती, म्हणून तर मी ओरडले.

डोळे पुसून ती म्हणाली, "आई, त्यांना नका सांगू. त्यांना हे सहन नाही होणार. अहवाल येईल तेव्हा बघू."

"आणि शनिवारी मिस्त्रीला काढलं की? तो माणूस जिवंतपणी मेलाय गं."

"मिस्त्रीकाका सहन करतायत ना. बाबा नाही करू शकणार."

ती बरोबर होती आणि मीही बरोबर होते. इकडे आड तिकडे विहीर. चाळीस वर्षं ज्या माणसाशी भांडले, त्याचं काय होईल? एक मुलगा घालवून बसले होते. नवरा घालवायचा का आता? पण अहवाल आला की क्लबच्या फलकावर लागेल आणि मास्तर तो चारचौघांत उभं राहून वाचतील, मिस्त्रीला रस्त्यावर आणून झाल्यावर. ते नको होतं मला. त्यांना मारायचंच तर घरात, माझ्या हातानं.

मास्तर दुपारी आले. हात धुतले, जेवायला बसले आपल्या जागेवर. मी ताटं मांडली आणि टिल्लूच्या खुर्चीवर जाऊन बसले. त्या खुर्चीवर तेव्हापासून कुणी बसलं नव्हतं.

"तिथे काय बसलीयस?" ते म्हणाले.

मी चपला काढल्या आणि टेबलाखाली पाय ठेवले पट्ट्यांवर. माझे पाय जेमतेम पोचत होते. खोकं पुढे ओढलं. "माझी परीक्षा घ्या," मी म्हटलं.

"वेड लागलंय का तुला?"

"लागलं असेल. घ्या."

"हे बघ, ही थट्टा करायची वेळ..."

"अहो, माझा मुलगा याच खुर्चीवर शिकला. मला एकदा बघू द्या तो काय शिकला ते. एवढं तरी द्याल की नाही?"

सून दारात उभी होती, ओढणी तोंडात धरून. मग टेबलाखाली त्यांचे पाय फळीवर आलेले मला कळले. ते ओरडले नाहीत, हळूच म्हणाले, "गेलं."

फळी उजव्या पायाखाली उचलली गेली. मी उजव्या पायानं दाबून धरली. डावा पाय रिकामा राहिला. "रिकामा पाय डावा, मेलं इंजिन डावं," मी म्हटलं आणि डावा चमचा ओढला.

"बरोबर," मास्तर म्हणाले.

"परत."

"गेलं." परत तीच बाजू. मी डावा ओढला.

"परत."

चौथ्या-पाचव्या वेळेला मी पायाची वाटच बघितली नाही. "गेलं" ऐकलं आणि माझा हात सरळ डाव्यावर गेला. मी, जिला विमानातलं ओ की ठो कळत नाही! एका दुपारात शिकला माझा हात. टिल्लू तर वर्षानुवर्षं बसला होता त्या खुर्चीवर.

"मास्तर," मी म्हटलं, "आता उजवं द्या."

"उजवं सोपं असतं," ते सवयीनं म्हणाले.

"असू दे. द्या."

त्यांनी तोंड उघडलं. "गेलं," म्हणाले आणि फळी हलली. पुन्हा तशीच. उजवीकडूनच वर आली. त्यांच्या पायांनाही दुसरं येत नव्हतं.

मास्तरांनी वाकून टेबलाखाली आपल्या पायांकडे बघितलं. खूप वेळ वाकलेलेच राहिले. मला वाटलं आता हा माणूस उठत नाही. मग टेबलाखालूनच विचारलं, "कुठलं गेलं होतं?"

"उजवं."

"आणि पंखा थांबवलेला?"

मी फक्त डाव्या चमच्यावरचा हात काढून घेतला.

ते उठले. ताट तसंच ठेवून दाराकडे गेले, बूट घालायला लागले, पण नाडी बांधता येईना. सून खाली बसली आणि तिनं त्यांच्या नाड्या बांधल्या. मघाशी काय बोलली होती आणि आता बांधत होती, दोन्ही खरंच. ते मिस्त्रीच्या घराकडे निघाले. मी अनवाणीच मागून.

मिस्त्री ओट्यावर एक बिघडलेलं घड्याळ उघडून बसला होता. हाताला काम हवंच ना माणसाला. आम्हाला बघून उठला. मास्तर पायरीशी थांबले आणि म्हणाले, "डाव्या पंख्याची पाती कडेनं वळलेली होती."

मिस्त्रीनं चटकन माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं, सुटलो एकदाचा म्हणून त्याचा चेहरा उजळेल. उलट त्याचा चेहरा पडला. त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हा पहिला पोचला होता. इंजिनांत जन्म काढलेला माणूस. यानं ते पंखे पहिल्या दिवशीच बघितले होते.

"तुला माहीत होतं," मास्तर म्हणाले.

"आत ये आधी. वहिनी, तुम्ही पण या. उन्हात कशाला..."

"तुला माहीत होतं! म्हणून मला जाऊ दिलं नाहीस जवळ. मी तुला चोर म्हटलं. अख्ख्या गावात तोंड काळं केलं तुझं. बोलला का नाहीस?"

"काय बोलू?" मिस्त्री म्हणाला. "पोरगं तर गेलंच होतं रे. तुला कशाला घालवू? शिव्याच देत होतास ना. दे. शिव्या देणारा माणूस जिवंत तरी असतो."

मी जाऊन मिस्त्रीचे काळे, तेलकट हात धरले आणि कपाळाला लावले.

मास्तर पायरीवरच बसले. मिस्त्री त्यांच्या शेजारी खाली बसला आणि त्यानं त्यांच्या कमरेला हात घातला, माळावर घातला होता तसाच. तेव्हा कुठे मास्तर रडले. एवढ्या महिन्यांचं एकदम. रस्त्यावरचे लोक थांबून बघत होते. बघू देत मेल्यांना.

रडणं जरा ओसरलं तेव्हा त्यांनी मान वर करून मला शोधलं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा होता तो. सकाळी नव्हता.

"मी जन्मभर म्हणत आलो ना गं, कार्टं माझं ऐकत नाही म्हणून," ते म्हणाले. "ऐकलं गं त्यानं. शेवटी माझंच ऐकलं."